फुटेज कन्व्हर्ट करायचं, प्रॉक्सी बनवायच्या की तसंच एडिटला घ्यायचं?

एडिट सुरू करण्याआधी फुटेज प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करावं का, हे ठरवताना बहुतेक जण क्वालिटीचा विचार करतात. प्रश्न खरं तर मशीनवर पडणाऱ्या ताणाचा आहे. बिट आणि ४:२:० सारखे आकडे फाइलमध्ये रंगाची माहिती किती साठवली ते सांगतात; ८ बिट ४:२:० मध्ये शूट केलेलं फुटेज १० बिट ४:२:२ फाइलमध्ये नेलं, तरी कॅमेऱ्याने न टिपलेले रंग त्यात येत नाहीत. फाइल तेवढी फुगते.

ताण येतो तो कोडेकमुळे, म्हणजे फुटेज दाबून साठवण्याच्या पद्धतीमुळे. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये सहसा अर्ध्या-एक सेकंदातून एखादीच फ्रेम पूर्ण साठवलेली असते. बाकीच्यांत आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढीच नोंद. सरळ प्ले करताना हे निभावतं, पण एडिट करताना आपण सतत मागेपुढे जात असतो. टाइमलाइनवर क्लिप टाका आणि 'जे' दाबून ती उलटी चालवा. एक फ्रेम मागे जायलाही सॉफ्टवेअरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुढे हिशेब करावा लागतो. उलटी क्लिप विनातक्रार चालली, दोन-तीन लेयर आणि कलर लावूनही अडखळली नाही, तर काहीही कन्व्हर्ट करू नका. थेट कामाला लागा.

४:२:० फुटेज हल्लीची बहुतेक मशीन सहज पेलतात. गाडी अडते ती १० बिट ४:२:२ च्या एच.२६५ वर. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप हे फुटेज हार्डवेअरवरच डीकोड करतात, म्हणजे त्यासाठीच्या खास भागात उलगडतात, इंटेलचं ११ व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्सही करतं. एन्व्हिडियाच्या कार्डांत मात्र ही सोय थेट ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये आली. त्यामुळे ४० मालिकेतलं भारी कार्ड लावूनही टाइमलाइन रखडू शकते आणि दोष उगाच सॉफ्टवेअरला दिला जातो.

आता जागेचा हिशेब. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके फुटेज तासाला साधारण ४५ जीबी घेतं. तेच ३० फ्रेमचं फुटेज प्रोरेस ४२२ मध्ये नेलं की तासाला २६० जीबीच्या वर जातं. शिवाय एकेका क्लिपला सेकंदाला जवळपास ७५ एमबी डेटा वाचावा लागतो, म्हणजे तीन लेयर लावले की साधी फिरती हार्ड डिस्क दम टाकते. प्रोसेसरचा भार हलका झाला, पण तो डिस्कवर गेला. प्रॉक्सी म्हणजे फक्त एडिटपुरती बनवलेली फुटेजची हलकी नक्कल; १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सी फाइल तासाला जेमतेम २० जीबी घेतात.

म्हणून मशीन अडखळत असेल तर माझं मत प्रॉक्सीच्या बाजूने आहे. कट हलक्या फाइलवर होतो, एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून. फक्त फोकस तपासताना, ग्रीन स्क्रीन काढताना आणि फायनल ग्रेडिंगला प्रॉक्सी बंद करा. प्रॉक्सी शक्यतो एडिटिंग सॉफ्टवेअरकडूनच बनवून घ्या. बाहेर बनवलेल्या फाइलमध्ये ऑडिओ चॅनेल किंवा फ्रेम रेट वेगळा निघाला की मूळ फुटेजशी लिंक जुळत नाही आणि तासभर त्यातच जातो.

पूर्ण कन्व्हर्ट करण्याला पर्याय नाही अशा जागा थोड्या आहेत. मोबाइलचं फुटेज आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यांचा फ्रेम रेट अनेकदा कमीजास्त होत राहतो. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी आवाज सरकलेला असतो. टाइमलाइनवर तो हाताने जुळवत बसू नका, आधीच शटर एन्कोडरसारख्या टूलमधून स्थिर फ्रेम रेटची फाइल काढा. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरत असाल, तर ती एच.२६४ घेतच नाही. तिथेही कन्व्हर्ट करावंच लागतं. रॉ, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जपणाऱ्या फुटेजच्या बाबतीत उलट आहे: कन्व्हर्ट केलं की व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ नंतर बदलण्याची मोकळीक जाते, म्हणून तिथे प्रॉक्सीच.

मेमरी कार्डवरचं सगळं फुटेज कन्व्हर्टला लावण्याआधी एकच क्लिप कन्व्हर्ट करा आणि मूळ क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर ठेवून वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, बघा. काळा भाग उचललेला किंवा पांढरा कापलेला दिसला, तर लेव्हलची सेटिंग चुकली आहे. उभं शूट केलेलं आडवं झालं नाही ना आणि सगळे माइक आले ना, हेही त्याच क्लिपवर कळतं.