‘चिव्हिल्ता कात्तोलिका’चे स्कॅन केलेले जुने खंड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या येशूसंघाच्या) ‘ला चिव्हिल्ता कात्तोलिका’ या इटालियन पाक्षिकाचे एकोणिसाव्या शतकातले खंड परदेशी ग्रंथालयांनी स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. मुंबई-वसईच्या चर्चचा इतिहास धुंडाळणाऱ्यांनी ते जरूर वापरावेत, कारण त्या काळातल्या वादांकडे रोम कसं पाहत होतं ते इथे पंधरवड्या-पंधरवड्याने वाचता येतं. मात्र शोधखिडकीवर विसंबू नका, आधी खंडांचा हिशेब शिका.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. दहा फायली उघडल्या तर दहाही एकाच नावाच्या निघतात, आणि खंड क्रमांक एक तर नसतो नाहीतर रोमन आकडा चुकीचा वाचलेला असतो. १९०३ पर्यंत तीन वर्षांची एक मालिका आणि मालिकेत १२ खंड, म्हणजे तिमाहीला एक. मालिकेच्या क्रमांकाला ३ ने गुणून त्यात १८४७ मिळवले की तिचं पहिलं वर्ष मिळतं. तळटीपेत ‘मालिका १४, खंड १०’ असं असेल तर मालिका १८८९ला सुरू झाली आणि दहावा खंड १८९१च्या एप्रिल ते जूनचा. १५ मे १८९१चं ‘रेरुम नोव्हारुम’ हे पोप तेराव्या लिओंचं कामगारांच्या प्रश्नावरचं परिपत्रक याच तिमाहीतलं. त्याचा पहिला मसुदा करणारे मात्तेओ लिबेरातोरे याच पाक्षिकाचे लेखक होते. पाक्षिकाचा पहिला अंक ६ एप्रिल १८५०चा, त्यामुळे पहिल्या मालिकेत हिशेब एका तिमाहीने सरकतो. १९०४ पासून मालिका बंद झाल्या, फक्त वर्षाचा क्रमांक उरला.

फाईल उघडली की मुखपृष्ठावरचं गाव बघा. कार्लो मारिया कुर्ची यांनी पाक्षिक नेपल्समध्ये काढलं आणि त्याच वर्षी ते रोमला हलवलं. सप्टेंबर १८७०मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, आणि १८७१ ते १८८७ पाक्षिक फ्लॉरेन्सहून निघालं. १८८६चा म्हणून नोंदलेल्या खंडावर रोम छापलेलं दिसलं तर नोंद चुकलेली आहे.

आपल्याकडच्या वाचकाला बहुधा १८८६ हेच वर्ष लागतं: पोर्तुगालशी जूनमध्ये झालेला करार, पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाचा इथल्या चर्चवरचा आश्रयाधिकार) आणि प्रोपगांडा (रोमचं धर्मप्रसार खातं) यांच्यातला वाद, सप्टेंबरमध्ये उभी राहिलेली भारतातली धर्मप्रांतांची रचना. हे सगळं मालिका १३च्या पहिल्या चार खंडांच्या काळातलं. ‘पाद्रोआदो’ टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही, कारण इटालियनमध्ये त्याला ‘पात्रोनातो’ म्हणतात. शिवाय ओळीच्या शेवटी शब्द तुटतो; ‘पोर्तो-’ एका ओळीत आणि ‘गाल्लो’ पुढच्या ओळीत गेलं की पूर्ण शब्द शोधात येत नाही. दोन्ही तुकडे वेगवेगळे टाकून बघा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे खंडाच्या शेवटची अनुक्रमणिका, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटचं ‘क्रोनाका कोंतेम्पोरानेआ’ हे वृत्तसदर. परदेशच्या बातम्या त्यात ‘कोझे स्त्रानिएरे’ या मथळ्याखाली असतात.

लेखकाचं नाव शोधत बसू नका. १९३३ पर्यंत लेखांवर सही नसे, लेख मंडळाच्या नावाने जात. त्यामुळे बाहेरचा पुरावा नसताना एखादा लेख ‘कुर्चींचा’ किंवा (पाक्षिकाचे आणखी एक लेखक लुइजी) ‘तापारेल्लींचा’ म्हणून उद्धृत करणं चुकीचं. पोपच्या दरबाराशी या पाक्षिकाचं नातं जवळचं, म्हणून त्यातला शब्द वजनदार. पण म्हणून प्रत्येक ओळ पोपची ठरत नाही. १८८० आणि १८९०च्या दशकांत इथे ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला छापल्या गेल्या. त्या वगळून या पाक्षिकाचा इतिहास सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

लोकलमध्ये मोबाईलवर वाचायचं असेल तर चित्रफाईल जड जाते. मजकुराची फाईल हलकी असते, पण तिच्यात तळटिपा मधल्या परिच्छेदात घुसतात, आकडे बिघडतात. म्हणून जागा शोधायला मजकूर वापरा, उतारा मात्र स्कॅनच्या पानावरूनच घ्या. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत स्कॅन तसंच काळं-पांढरं छापलं तर पिवळा कागद करडा उतरतो आणि बारीक तळटिपा त्यात बुडतात. कॉन्ट्रास्ट वाढवून आधी एक पान काढून बघा.