बोअरच्या पाण्याची व्हीओसी तपासणी: आठ महिन्यांनंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घराला बोअरचं पाणी आहे. खासगी विहिरींना इथे केंद्राचे पिण्याच्या पाण्याचे नियम लागू नाहीत, आपलं आपण बघायचं. घर विकताना मात्र राज्याच्या कायद्याने पाणी तपासावं लागतं, आणि त्यात व्हीओसी, म्हणजे हवेत सहज उडून जाणारी रसायनंही येतात. आमचा अहवाल जुना झाला होता, म्हणून प्रयोगशाळेकडून किट मागवलं.

सासरे पुण्याहून टीडीएस मीटर घेऊन आले होते. १८० आकडा बघून म्हणाले, "अगं, अमृत आहे हे!" मीटरला कळतात ते विरघळलेले क्षार. व्हीओसी असल्या तरी तो आकडा जागचा हलत नाही.

किटमध्ये ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या येतात, तळाशी नमुना टिकवायला आम्लाचे थेंब. सासूबाईंनी त्या छान विसळून ओट्यावर उपड्या घातल्या. ते किट गेलं. पुढचं मी भरलं: नळाची जाळी काढायची, धार बारीक, बाटली तिरकी, काठावर पाणी फुगलं की झाकण. मग उलटी करून टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा वर सरकला की झाकण काढून आणखी दोन थेंब, कारण रसायन पाणी सोडून त्या हवेत जातं. सोबतची सीलबंद बाटली उघडायची नाही. वाटेत बाहेरून काही शिरलं का, ते तिच्यावरून कळतं. आणि शुक्रवारी पाठवू नका. माझं पार्सल सोमवारपर्यंत गोदामात पडलं, बर्फाचं पाणी झालं, तिसरं किट.

निकाल आला: ट्रायक्लोरोइथिलीन, लिटरला १.६ मायक्रोग्रॅम. केंद्राची मर्यादा ५, न्यू जर्सीची १. तेच पाणी तिकडे पास, इकडे नापास! धातूवरचं ग्रीस काढायला हे वापरत. पाण्यापेक्षा जड, त्यामुळे जमिनीत खोल उतरतं.

सिंकखालच्या फिल्टरवर भागलं असतं, पण गरम पाण्याच्या शॉवरमध्ये हे वाफेबरोबर श्वासात जातं. म्हणून अख्ख्या घरासाठी अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या दोन टाक्या बसवल्या, एकीमागे एक. दोन्हींच्या मधला नमुन्याचा नळ मी हट्टाने लावून घेतला, बसवणारा "कशाला?" म्हणत होता. सहा महिने दोन्हीकडे काहीच सापडलं नाही. आठव्या महिन्यात मधल्या नळाला ०.६ आलं, दुसऱ्या टाकीनंतर अजून निरंक. म्हणजे पहिलीचा कोळसा भरत आलाय. बदलायला माणूस मंगळवारी येतोय.