विवॅरियमचं स्टार्टर किट घ्यावं का? काच झकास, आतला माल बदला

आधी निकाल सांगते, मग डिटेल. पहिल्यांदाच घरी प्लांटेड विवॅरियम, म्हणजे काचपेटीत झाडं-मातीचं छोटंसं जंगल, करताय आणि ते सगळं सामान एकाच बॉक्समध्ये येणारं ऑनलाइन किट घ्यावं का असा प्रश्न असेल तर घ्या, पण काचपेटी आणि लाइटसाठी घ्या, माती आणि झाडं बाहेरून आणा. मला साडेचार हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण सेम किट चार नावांनी विकतात, वरचा स्टिकर तेवढा बदलतो.

काचपेटीला मात्र पूर्ण मार्क. दीड फूट उंच, ५ मिमी काच, समोर उघडणारे दोन दरवाजे, दरवाज्यांखाली बारीक व्हेंट आणि वर जाळीचं झाकण. जुन्या फिश टँकमध्येही विवॅरियम होतं, नाही असं नाही, पण मागच्या कोपऱ्यातलं एक कुजलेलं पान काढायला वरून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि तेवढ्यात पुढची चार झाडं मोडायची, त्यापेक्षा समोरचे दरवाजे कधीही बरे. शिवाय खालच्या व्हेंटमधून हवा आत येते, गरम होऊन वरच्या जाळीतून निघून जाते, त्यामुळे समोरची काच सारखी घामेजत नाही आणि आतलं दिसतं! आम्ही ठाण्याला, म्हणजे जून ते सप्टेंबर वरची जाळी पूर्ण उघडी ठेवली तरी आत दमट राहतं, पण एसीच्या खोलीत असेल किंवा पुण्या-नाशिकचा कोरडा उन्हाळा असेल तर जाळीवर ॲक्रिलिकची शीट टाकून पाऊण भाग झाका. पेटी आली की लगेच माती भरू नका, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून रात्रभर ठेवा, सिलिकॉन कुठे सुटलं असेल तर तेव्हाच कळतं आणि रिटर्नही करता येते.

लाइट ६५०० केल्विनचा एलईडी आहे, झाडांना पुरतो, टायमर लावून दिवसाला १० ते १२ तास चालू ठेवा. खिडकीतल्या उन्हात पेटी ठेवायची नाही म्हणजे नाही, बंद काचेत ऊन कोंडलं की एका दुपारीत झाडं शिजतात.

आता तक्रार. किटमधली माती म्हणजे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि बागेतली लाल माती, बस. ओली झाली की शाडूसारखी घट्ट बसते, मुळांना हवाच मिळत नाही आणि काही दिवसांत सडका वास सुटतो. झाडं काय दिली, तर जेड आणि हॉवर्थिया! दोन्ही कोरड्या हवेतली, दमट पेटीत बुडापासून मऊ पडून गेली. नवीन माणसाला वाटतं आपल्याच हाताला गुण नाही, आणि तो छंदच सोडून देतो, याचा मला खरंच राग येतो.

मातीचं मिक्स घरी करणं अवघड नाहीये. या छंदात जगभर एबीजी मिक्स वापरतात, अटलांटाच्या बोटॅनिकल गार्डनच्या नावाचं, त्यात ऑर्किडची साल, ट्री फर्नचे तंतू, कोळसा, स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि पीट (दलदलीतली कुजलेल्या शेवाळाची माती) असतं. ट्री फर्नच्या मागे लागू नका. नारळाच्या सोडणाचे तुकडे, दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट (त्यात मीठ असतं, धुवाच), लाकडी कोळशाचा चुरा, थोडी ऑर्किडची साल आणि वर वाळलेल्या पानांचा जाड थर, देशी बदामाची पानं उत्तम. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, एवढं जमलं की झालं.

त्याखाली लेका बॉल्सचा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा, दोन इंचाचा थर, म्हणजे जास्तीचं पाणी मुळांशी न थांबता खाली जाऊन बसतं. किटमध्ये लेका पुरेसा येतो पण माती आणि लेकाच्या मधली जाळी अगदीच तोकडी आहे, कडेने माती खाली गळते, हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावतात ती फायबरची डासांची जाळी आणा, चारही बाजूंनी इंचभर जास्त कापून वर दुमडा. पाणी जाळीला टेकायला आलं की एअर पंपाची नळी घालून ओढून काढा. बोअरचं पाणी फवारू नका, काचेवर पांढरे डाग पडतात, आरओचं किंवा पावसाचं चालतं.

झाडांमध्ये फिटोनिया, सेलाजिनेला, भिंतीवर चढणारा फायकस प्युमिला, छोटे फर्न. मॉससाठी घाटातले खडक खरवडून आणू नका प्लीज, ॲक्वेरियमवाल्याकडचा जावा मॉस ओल्या लाकडावर छान धरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे किटमध्ये येतच नाही ते म्हणजे स्प्रिंगटेल, मातीतले अगदी बारीक किड्यांसारखे जीव. कोळशावर वाढवलेलं त्यांचं कल्चर वेगळं मागवा. झाडाच्या सालीचा तुकडा उचलला की खाली पांढरे ठिपके दिसतात, जरा फुंकर घातली की टणाटण उड्या मारतात, पोटाखाली दुमडलेली शेपटी जमिनीवर आपटून उडतात ते. नव्या लाकडावर सुरुवातीला पांढरी बुरशी येतेच, घाबरून सगळं बाहेर काढू नका, हे लोक खाऊन साफ करतात. माझ्या भाचीला त्यांना तांदळाचा एक दाणा टाकायचं काम दिलंय, ती झाडांपेक्षा त्यांनाच जास्त बघत बसते.

बॉक्सवर लाल डोळ्यांच्या हिरव्या बेडकाचा फोटो आहे, तो बघून बेडूक आणायला जाऊ नका. ती जात साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी पाळायचे तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपल्याकडचे बेडूक-सरडे पकडून कोंडायचं तर नावच काढू नका. नुसती झाडं आणि स्प्रिंगटेल, एवढ्यानेच पेटी जिवंत होते.

घेणारच असाल तर झाडांशिवायचा सेट मागा, काही विक्रेते मेसेज केला की देतात आणि तेवढे पैसेही कमी करतात. फिटोनिया नर्सरीतून आणलात की मुळांची माती पूर्ण धुवून मगच लावा, त्यात गोगलगायीची अंडी असली तर पुढे सगळ्या पानांना भोकं पडतील.