सर्व्हरची धूळ: ब्लोअर की हवेचा डबा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन्ही मिळतात. डबा हातात घेतला की बरं वाटतं: हलका, नळीमुळे रॅमच्या फटीतही पोचतो. पण आत हवा नसतेच, दाबाखाली द्रव झालेला वायू असतो. डबा तिरका धरला की तोच द्रव बोर्डावर उडतो. सलग फवारलं की डबा गार पडून जोरही ओसरतो. एका सर्व्हरला एक डबा सहज संपतो, खिशाला हे परवडत नाही.

मी ब्लोअरवाला. एकदाच खर्च, झोत दमदार. फक्त पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने गरगरली तर बेअरिंग जातं. नोझल वीतभर लांब धरा. केबल काढून, गॅलरीत नेऊनच काम करा, नाहीतर घरचे तुम्हालाच झाडतील!

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत धूळ हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांना चिकटून बसते, तिथे दोघंही हात टेकतात. मऊ ब्रश घ्या, चिकट डागांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नका.

डबा मी फक्त पॉवर सप्लायच्या जाळीसाठी ठेवलाय. पॉवर सप्लाय उघडायचा नाहीच, आतले कपॅसिटर वीज धरून असतात.