साठीनंतर स्कॉटलंडमध्ये पहिला डोंगर कोणता चढावा: बेन लोमंड, शिहॅलियन की बेन व्रॅकी?

ज्याने उमेदीची वर्षे सह्याद्रीत घालवली आहेत, त्याला स्कॉटलंडच्या डोंगरांचे आकडे फारसे दबदब्याचे वाटत नाहीत. साऱ्या ब्रिटनमध्ये सर्वांत उंच असा बेन नेव्हिस १३४५ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरने ठेंगणा. त्यामुळे ग्लासगोला किंवा एडिंबराला मुलांकडे राहायला आलेले, किंवा तेथेच नोकरी करून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ आणि गृहिणी ‘एवढे तर आपण सहज जाऊ’ असे म्हणतात आणि उंचीच्या यादीवर बोट ठेवून डोंगर निवडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते निवडीची ही रीतच चुकीची आहे. साठीनंतर डोंगर ठरवताना वाट कोठून सुरू होते, शेवटच्या टप्प्यात पायाखाली काय येते आणि मन न दुखावता कोठून परत फिरता येते, हे तीन प्रश्न माथ्याच्या उंचीआधी विचारले पाहिजेत. पहिल्या चढाईसाठी नेहमी सुचवले जाणारे तीन डोंगर येथे त्याच कसोटीवर शेजारी-शेजारी ठेवले आहेत.

त्याआधी ‘मन्रो’ या शब्दाचा मोह समजून घ्यावा लागतो. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली; आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि ती सगळी पुरी करणे हा तेथील अनेकांचा आयुष्यभराचा छंद असतो. बेन लोमंड (९७४ मीटर) आणि शिहॅलियन (१०८३ मीटर) या यादीत आहेत; बेन व्रॅकी ८४१ मीटरचा असल्याने नाही, त्याची गणना ‘कॉर्बेट’ या खालच्या वर्गात होते. खुद्द मन्रो साठी ओलांडून १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याच यादीतली काही शिखरे त्यांची राहून गेली होती. यादीबाहेरचा डोंगर निवडताना ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता आकडे. बेन लोमंडची वाट रोवरडेनन येथे लॉख लोमंड सरोवराच्या काठावरून, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघते. त्यामुळे साडेनऊशे मीटरहून अधिक चढ पायांनीच फेडावा लागतो आणि जाऊन-येऊन अंतर सुमारे बारा किलोमीटर होते. शिहॅलियन उंचीने मोठा असला, तरी ब्रेस ऑफ फॉस येथील वाहनतळच सुमारे ३३० मीटरवर आहे, म्हणून चढ साडेसातशे मीटरच्या आसपास आणि अंतर दहा किलोमीटर. बेन व्रॅकीसाठी मूलिन या वस्तीच्या वरच्या वाहनतळापासून निघाल्यास चढ सुमारे पावणेसातशे मीटर आणि अंतर जवळपास तेवढेच. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला एक जुना हिशेब आजही तेथे वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार बेन लोमंडला चार तास, तर उरलेल्या दोघांना सव्वातीन तासांच्या आतबाहेर लागतात. हा हिशेब धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. साठीनंतर त्याची दीडपट धरावी, आणि पहिल्याच वेळी जात असल्यास दुप्पट धरली तरी चालेल.

कागदावर शिहॅलियन आणि बेन व्रॅकी असे जवळपास बरोबरीला येतात. जमिनीवर ते तसे नाहीत, कारण नेस्मिथच्या हिशेबात धोंड्यांना जागा नाही. शिहॅलियनची खालची वाट जॉन म्युअर ट्रस्ट या निसर्गरक्षण संस्थेने उत्तम बांधून काढली आहे आणि त्या वाटेवरून चालताना हा डोंगर तिघांमध्ये सर्वांत सोपा वाटतो; पण वरच्या रुंद सोंडेवर पोहोचल्यावर बांधीव वाट संपते आणि शेवटचा साधारण दीड किलोमीटर गारगोटीच्या जातीच्या, फुटून विखुरलेल्या धोंड्यांवरून जावे लागते. हा आपल्याकडच्यासारखा पायाखालून सरकणारा घसारा नव्हे. येथे प्रत्येक पाऊल एका धोंड्यावरून दुसऱ्यावर तोलून टाकावे लागते, ओल असली की ते धोंडे निसरडे होतात, आणि ‘हाच माथा’ असे वाटावे असे फसवे उंचवटे एकामागून एक येत राहतात. दमाने चढणाऱ्याला हे त्रासाचे नाही, तोल गेलेल्याला मात्र आहे. आणि साठीनंतर दमाबरोबर तोलही कमी होतो, हे बहुतेकांना घरी जिना उतरताना कळलेलेच असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर धोंड्यावरचे साधे खरचटणेही साधे राहत नाही. डोंगर आहे मात्र देखणा. त्याच्या एकाकी, प्रमाणबद्ध आकारामुळेच खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७७४ मध्ये पृथ्वीचे वजन काढण्याच्या प्रयोगासाठी त्याची निवड केली होती. डोंगराच्या वस्तुमानाने ओळंबा किती ओढला जातो हे त्यांनी तेथे मोजले, आणि त्या मोजणीचे गणित करताना गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. हातातल्या नकाशावरच्या समोच्च रेषा वाचत चढणाऱ्याला याच डोंगराचे थोडे ऋण मान्य करावे लागते.

बेन लोमंडबद्दल तुलनेने कमी लिहावे लागेल, कारण त्याचा स्वभाव सरळ आहे. वाट रुंद आहे, झाडीतून बाहेर पडल्यावर मोकळ्या पाठीवरून संथपणे चढत जाते आणि शेवटी नागमोडी वळणांनी माथ्याच्या धारेला लागते. कोठेही हात टेकवावा लागत नाही. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते: साडेनऊशे मीटर उतरताना गुडघे जे बोलू लागतात, ते शेवटच्या तासात अधिकच मोठ्याने बोलतात. टार्मिगन नावाच्या शेजारच्या धारेवरून उतरण्याचा पर्याय अनेकजण सुचवतात. तो अधिक तीव्र आणि ओबडधोबड असल्याने पहिल्या खेपेस गेलेल्या वाटेनेच परत यावे.

बेन व्रॅकीवर झाडीतून आणि मग हेदरच्या झुडपांच्या मोकळ्या माळावरून चढत गेल्यावर, डोंगराच्या ऐन पायथ्याशी लॉख अ खॉइर हे छोटे सरोवर लागते. तोपर्यंत सुमारे निम्मा चढ संपलेला असतो, समोर माथ्याकडे जाणारी दगडी पायऱ्यांची उभी वाट स्पष्ट दिसत असते, आणि पुढे जायचे की डबा तेथेच उघडायचा हा निर्णय अंदाजाने नव्हे, तर डोळ्यांनी पाहून घेता येतो. उरलेल्या दोन डोंगरांवर असा थांबा नाही. बेन लोमंडच्या अर्ध्या वाटेवरून परतणे म्हणजे नुसते परतणे असते, आणि शिहॅलियनवर अडचण जेथे सुरू होते तेथे माथा इतका जवळ भासतो की माणूस हटकून पुढे जातो. बेन व्रॅकीचा दोष त्याच्या पायऱ्यांत आहे. चढताना त्या सोयीच्या वाटतात; उतरताना त्यांची असमान उंची गुडघ्यांना जाचते आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, कारण काचेचा खालचा भाग वाचनासाठी असल्याने पायाखालची पायरी धूसर दिसते. उतरण्यासाठी केवळ दूरचे दिसणारा साधा चष्मा सोबत ठेवणे आणि दोन काठ्या वापरणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. शिहॅलियनच्या धोंड्यांत मात्र काठ्या फटींत अडकतात. तेथे त्या मिटवून हात मोकळे ठेवणे बरे.

मोटार चालवता येत नसेल, तर निवड आपोआपच होते. बेन व्रॅकीच्या पायथ्याचे पिटलॉक्री हे गाव पर्थ-इनव्हर्नेस रेल्वेमार्गावर आहे. स्थानकापासून मूलिनमार्गे चालत गेल्यास जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर वाढतात, आणि स्कॉटलंडच्या रहिवाशांना साठीनंतर बसप्रवास मोफत असल्याने बसने पिटलॉक्री गाठणेही शक्य आहे. रोवरडेननचा रस्ता तेथेच संपतो. बस त्याच्या अलीकडच्या बालमहा गावापर्यंतच येते. उन्हाळ्यात टार्बेटहून बोट मिळते खरी, पण परतीच्या बोटीसाठी घड्याळ पाहत उतरणे हे दुखऱ्या गुडघ्यांना मुळीच मानवत नाही. शिहॅलियनला स्वतःचे वाहन हवेच.

ऋतूच्या बाबतीत तिघांनाही एकच नियम लागू आहे. मे आणि जूनचा आरंभ सर्वांत चांगला: दिवस मोठा असतो आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा कहर अजून सुरू झालेला नसतो. सप्टेंबरही चांगला. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात माथ्यावर कडक बर्फ असू शकते, त्यासाठी आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे खिळे) वापरण्याचा सराव लागतो. तो नसल्यास जाऊ नये. पावसापेक्षा वाऱ्याचा अंदाज अधिक बारकाईने पाहावा, कारण तोल सांभाळण्याचा प्रश्न असलेल्या माणसाला धोंड्यांवर वाऱ्याचा एक झोत पुरतो. कळसूबाईवरची शिडी, कठडा आणि चहाची टपरी येथे नाही. धुक्यात वाट दाखवणाऱ्या पाट्याही माथ्याजवळ नाहीत, तेव्हा नकाशा आणि होकायंत्र बरोबर असावे. अडचण आल्यास ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. ही पथके स्वयंसेवकांची असून सुटकेचे पैसे घेत नाहीत. भारतातून आलेल्यांनी प्रवासविम्यात वयाची अट आणि डोंगरात चालण्याचा समावेश, ही दोन्ही कलमे निघण्यापूर्वी वाचावीत.

क्रम लावायचाच झाला, तर पहिली खेप बेन व्रॅकीची असावी, आणि ती सरोवरापर्यंतच झाली तरी ती पुरी मानावी. तेथून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कुरकुरत नसतील, तर काही आठवड्यांनी बेन लोमंडला जावे. रोवरडेननचा वाहनतळ लवकर भरतो, म्हणून घर पहाटेच सोडावे. शिहॅलियन तिसरा, आणि तोही आदल्या दिवसापासून कोरडे हवामान असेल तेव्हाच, अशा सोबत्याबरोबर जो धोंड्यांच्या कडेला थांबून ‘आज इथवरच’ असे म्हणू शकेल.