पॉलिमरची रचना क्ष-किरणांनी शोधताना : मोठा कोन की लहान कोन?

पॉलिमरची ‘रेणवीय रचना’ क्ष-किरण प्रकीर्णनाने, म्हणजे नमुन्यातून किरण कसे विखुरतात त्यावरून, ठरवायची आहे, असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. स्फटिकाच्या आत साखळी कोणत्या आकारात बसली आहे, हा पहिला प्रश्न. त्याची मापे काही अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) असतात. स्फटिकी (शिस्तीत रचलेले) आणि अस्फटिकी (विस्कळीत) भाग एकमेकांशेजारी कसे रचले आहेत, हा दुसरा. त्याची मापे दहा-वीस नॅनोमीटरची असतात. अंतर जितके मोठे, तितका प्रकीर्णनाचा कोन लहान, या ब्रॅगच्या नियमामुळे दोन्ही प्रश्नांची उपकरणेही वेगळी होतात. तांब्याच्या नळीतून येणाऱ्या 1.54 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी पॉलिएथिलिनची दोन ठळक शिखरे सुमारे 21.5 आणि 23.9 अंशांवर दिसतात, तर त्याच नमुन्यातील स्फटिकी-अस्फटिकी थरांची 20 नॅनोमीटरची आवृत्ती (म्हणजे रचना पुन्हा येण्याचे अंतर) अर्ध्या अंशाच्याही आत, थेट किरणाला जवळजवळ चिकटून येते.

साखळीचा आकार हवा असेल तर मोठा कोन निवडावा, पण नमुना ताणून धागा केल्यावरच. न ताणलेल्या तुकड्यातून एकावर एक चढलेली वर्तुळे मिळतात. धाग्यात साखळ्या एका दिशेने वळतात, वर्तुळे ठिपक्यांत तुटतात आणि ठिपके आडव्या थररेषांवर बसतात. या रेषांमधील अंतरावरून साखळीच्या अक्षावरील आवृत्ती थेट काढता येते. पॉलिएथिलिनमध्ये ती सुमारे 2.55 अँगस्ट्रॉम भरते, म्हणजे नागमोडी सरळ साखळीतील एकाआड एक कार्बनमधील अंतर. आयसोटॅक्टिक (सगळे बाजूचे गट एकाच प्रकारे मांडलेल्या) पॉलिप्रॉपिलिनमध्ये ती सुमारे 6.5 अँगस्ट्रॉम आहे, कारण तेथे साखळी सर्पिल होऊन तीन एककांत एक वेढा पूर्ण करते. मात्र लहान रेणूच्या एकल स्फटिकातून हजारो ठिपके मिळतात, तेथे धाग्यातून अनेकदा काही डझनच हाती येतात, आणि तरंगांच्या कलेची (एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे याची) माहिती तर मोजणीत हरवतेच. त्यामुळे बंधांची लांबी व कोन आधीच माहीत धरून प्रतिकृती बांधायची, तिच्यावरून तीव्रता काढायची आणि मोजलेल्या तीव्रतेशी ताडून पाहायची, हाच मार्ग उरतो. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची 1953 मधील प्रतिकृतीही धाग्याच्या विवर्तनचित्रांचा आधार घेऊनच उभी राहिली. एक प्रतिकृती जुळली म्हणून दुसरी जुळणारच नाही, असे मात्र समजू नये.

मोठ्या कोनातून स्फटिकतेची टक्केवारीही मिळते, पण अस्फटिकी भागाचा पसरट उंचवटा कसा आखला यावर तो आकडा हलतो. एकाच पद्धतीने मोजलेले नमुने एकमेकांशी ताडण्यापलीकडे त्यावर फार विसंबू नये.

लहान कोनात अणू दिसत नाहीत. दिसतो तो इलेक्ट्रॉन-घनतेतील फरक. पॉलिएथिलिनच्या स्फटिकाची घनता सुमारे 1.00 आणि अस्फटिकी भागाची सुमारे 0.855 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर असते, आणि थरांची आवृत्ती दिसायला एवढा फरक पुरतो. ती आवृत्ती दोन जाडींमध्ये विभागता येते, पण त्यांतली स्फटिकाची कोणती हे लहान कोनातील तीव्रता एकटी सांगत नाही; त्यासाठी स्फटिकतेचा आकडा दुसरीकडून आणावा लागतो. ताणलेल्या धाग्यात बारीक पोकळ्या असतील तर त्यांचे प्रकीर्णन थरांच्या खुणा झाकून टाकते, म्हणजे पहिल्या कामासाठी मुद्दाम ताणलेला नमुना दुसऱ्या कामाला उपद्रवी ठरू शकतो. विरळ द्रावणात मात्र हीच पद्धत एकेका साखळीची परिभ्रमण त्रिज्या, म्हणजे साखळीच्या गुंडाळीचा सरासरी विस्तार, देते. वितळलेल्या पॉलिमरमध्ये सगळ्या साखळ्या सारख्याच असल्याने क्ष-किरणांना एक साखळी वेगळी ओळखता येत नाही. तेथे काही साखळ्यांत साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून न्यूट्रॉन वापरावे लागतात.

सिंक्रोट्रॉनची (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकाची) वेळ मागण्याचा मोह होतो, पण स्थिर नमुन्याला प्रयोगशाळेतील नळी आणि काही तास बहुधा पुरतात. स्फटिकीभवन घडताना पाहायचे असेल, किंवा धागा ताणला जात असतानाच दोन्ही कोन एकाच वेळी नोंदवायचे असतील, तरच तो खटाटोप सार्थकी लागतो. तेव्हाही तीव्र किरणांनी नमुना बिघडत नाही ना, हे वारंवार तपासावे लागते.

एककांचा क्रम, फांद्या किंवा साखळीतील टॅक्टिसिटी (बाजूच्या गटांच्या मांडणीचा क्रम) हवी असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) करावे. अटॅक्टिक (बाजूचे गट अनियमित असलेल्या) पॉलिस्टायरिनसारखा नमुना कितीही वेळ किरणांत ठेवला तरी मोठ्या कोनात पसरट वलयेच मिळतील, आणि त्यांतून एकक कोशिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) काढता येत नाही, कारण ती तेथे नसतेच.