आमच्या सात सागवानी तुळया ‘राडारोडा’ म्हणून गेल्या

सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठच्या एका गावात आमचा वाडा आहे. मोठा नाही. एकच चौक, दोन मजले, जोतं काळ्या दगडाचं, वर मातीत रचलेल्या भाजक्या विटा आणि सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. पणजोबांच्या आधीपासूनचा. आता तिथे चौऱ्याऐंशी वर्षांची काकू आणि चुलतभाऊ-वहिनी राहतात, मी पुण्यात असते. हे लिहायला मला सहा महिने लागले, कारण लिहायला बसले की हात थरथरायचा. पण गेल्या महिन्यात दोन ओळखीच्यांनी ‘वाड्याचं काम काढतोय’ असं सांगितलं आणि वाटलं, आता गप्प बसणं बरोबर नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला खालून ओल चढली आणि वरच्या मजल्यावरची जमीन एका कोपऱ्यात दबायला लागली. आम्ही चौघा चुलतभावंडांनी पैसे काढायचे ठरवलं. वाडा पाडायचा नाही, सिमेंटचा स्लॅब टाकायचा नाही, जसा आहे तसा जपायचा, यावर एकमत होतं. त्याआधी मी मुद्दाम विश्रामबागवाडा पुन्हा एकदा नीट बघून आले. १८०७ च्या सुमाराचा तो वाडा. सुरूच्या झाडासारखे ते कोरीव खांब बघून मला खात्री वाटली की लाकूड जपलं तर दोनशे वर्षं आरामात टिकतं.

ओळखीतून एक गृहस्थ मिळाले. कार्डावर ‘हेरिटेज आर्किटेक्ट व रिस्टोरेशन कॉन्ट्रॅक्टर’ असं छापलेलं. लॅपटॉपवर देवळांचे, वाड्यांचे, एका गढीचे फोटो. बोलणं अतिशय गोड. घाणीत मळलेला चुना, सुर्खी म्हणजे विटांची पूड, बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, सगळे शब्द त्यांच्या तोंडी होते. ‘ताई, सिमेंटचा एक कणसुद्धा लागणार नाही, तुमचे पणजोबा ओळखतील असा वाडा करून देतो.’ काकूच्या पाया पडले. काम ठरलं साडेअठरा लाखांना.

कोटेशन दोन पानांचं होतं. ‘जुन्या पारंपरिक पद्धतीने चुन्याचा गिलावा – एकरकमी. लाकूडकाम दुरुस्ती – एकरकमी. राडारोडा उचलण्याची जबाबदारी कंत्राटदाराची.’ ही तिसरी ओळ वाचून आम्हाला बरंच वाटलं होतं. चौकातली माती-विटा कोण उचलणार, हा प्रश्न सुटला म्हणून.

काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, ताबडतोब या. गेले. त्यांनी माजघराच्या एका तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक मोकळं केलं होतं. पेचकस टोचला तर मूठभर भुसा खाली पडला. ‘वाळवी आणि कूज. सातही अशाच आहेत ताई. वर माणसं झोपतात, मी रिस्क घेणार नाही.’ शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. काकू त्या खोलीच्या वरच झोपते. मी बाकीच्या सहा तुळयांची टोकं उघडून बघायला सांगितलंच नाही. एक बघितली आणि सातांवर सही केली. नवीन सागाच्या तुळया घालायचे वरचे साडेतीन लाख आणि जुन्या लाकडाचे ‘भंगार’ म्हणून बावीस हजार वजा.

आता हिशेब सांगते. एक तुळई आठ इंच बाय दहा इंच, लांबी बारा फूट. म्हणजे साधारण पावणेसात घनफूट. सात तुळयांचं सेहेचाळीस-सत्तेचाळीस घनफूट जुनं, मुरलेलं सागवान झालं. नंतर मी जुन्या लाकडाच्या वखारीत चौकशी केली तेव्हा मला घनफुटाला तीन हजारांच्या वर भाव सांगितला. म्हणजे बावीस हजारांत दीड लाखाच्या आसपासचा माल गेला. आणि त्या जागी जे आलं ते सागवान नव्हतंच.

ते कसं कळलं ते सांगते. माजघराच्या मधल्या तुळईला पाळण्याची कडी होती. लोखंडी, मनगटाएवढ्या घेराची, आतून झिजून गुळगुळीत झालेली. वडील, काका, आम्ही सगळी भावंडं त्या कडीला टांगलेल्या पाळण्यात झोपलो. काम सुरू होण्याआधी काकूनं एवढंच मागणं मागितलं होतं, कडी हलवू नका. नवीन तुळया बसल्या, पॉलिश झालं, आणि कडी जागच्या जागी होती. काकूचे डोळे भरून आले. मी स्वतः त्या माणसाचे हात हातात घेऊन आभार मानले.

मे २०२५ मध्ये भावाच्या नातीचं बारसं वाड्यावर करायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी पाळणा बांधताना काकूनं तिच्या सासूची पद्धत सांगितली, बाळाच्या आधी धान्याचं पोतं ठेवून बघायचं. भावानं ज्वारीचं अर्धं पोतं पाळण्यात ठेवलं आणि एक झोका दिला. दुसऱ्या झोक्याला वरून चर्रर्र आवाज आला आणि पोत्यासकट पाळणा खाली बसला. कडी खाली, तिला चिकटून हातभर लांबीचा, कागदासारखा पातळ सागाचा पापुद्रा, त्यामागे प्लायवुडचा तुकडा आणि दोन इंची चार स्क्रू. वर बघितलं तर तुळईला भोक, आणि भोकाच्या आत काळा लाल रंग दिलेलं लोखंडी चॅनल.

आमची ‘सागवानी तुळई’ म्हणजे चॅनलभोवती केलेली प्लायची पेटी होती. वरून सागाचं व्हिनिअर. जुनी कडी तुळईत आरपार जाऊन वरच्या बाजूला ठोकून वाकवलेली होती. ती त्यांनी कापून काढली आणि दिसायला हुबेहूब तिथेच चिकटवली. आम्हाला संशय येऊ नये म्हणूनच. काकू खाली बसली आणि म्हणाली, ‘अगं, उद्या यात पोर असतं.’ त्यानंतर रात्रभर ती बोलली नाही. बारसं दुसऱ्या दिवशी मांडववाल्याकडून आणलेल्या लोखंडी स्टँडच्या पाळण्यावर झालं.

गावातले एक वयस्कर सुतार आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी सातही तुळयांवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. सातही पोकळ वाजल्या. मग मी मोबाइलवरचा कुजलेल्या टोकाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, हे वीतभर कुजलंय. एवढं कापून त्याच जातीच्या सागाचा तुकडा सांध्यानं जोडतात, दोन पोलादी बोल्ट मारतात, झालं. तुळई काढायची गरजच नव्हती. आणि ते टोक का कुजलं तेही त्यांनीच सांगितलं. वडिलांनी १९९० च्या सुमारास त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आमच्या जुन्या भिंतींना खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून हवेत निघून जाते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ती ओल आतच अडकते आणि भिंतीत घुसलेल्या लाकडाच्या टोकाला जाऊन बसते. म्हणजे एका बाजूची एक तुळई कुजली होती, तीही आमच्याच जुन्या चुकीनं. बाकीच्या सहा बहुधा ठणठणीत होत्या.

चुन्याचं सत्य जुलैत बाहेर आलं. पावसाचा महिना लोटला आणि माजघराच्या नव्या गिलाव्याला कमरेएवढ्या उंचीवर लोणा फुटला. पांढरी, मिठासारखी बुरशी वाटावी अशी पूड. हात लावला की झडायची. मग फुगे आले. एक फुगा सुतारकाकांनी पटाशीनं उडवला तर खालून पांढऱ्या सिमेंटची टणक खपली निघाली. परसातल्या पडक्या गोठ्यात गवताखाली पांढऱ्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या सापडल्या. मी एकतीस मोजल्या.

आणि मी दर रविवारी जात होते! तेच मला सगळ्यात जास्त लागतं. दर रविवारी चौकात एक निळा पिंप असायचा, त्यात भिजवलेला चुना, शेजारी परातीत गूळ, फोडलेली बेलफळं. दोन माणसं माझ्यासमोर ढवळायची. मी फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकायची. ते सगळं रविवारपुरतं मांडलेलं होतं. शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितलं, सोमवार ते शनिवार टेम्पोतून गोण्याच उतरायच्या. त्यांना वाटलं, आम्हाला माहीत असेल.

मला थोडी माहिती असती तर त्या पिंपावरूनच ओळखलं असतं. कळीचा चुना विरवल्यावर हौदात पाण्याखाली कित्येक दिवस, जमलं तर महिने मुरवावा लागतो. तीन खोल्यांच्या भिंतींना लागणारा चुना एका पिंपात मावत नाही, त्याला जमिनीत खणलेला किंवा विटांचा हौद लागतो. शिवाय चुना सिमेंटसारखा पाण्यानं आवळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून तो घट्ट होतो. म्हणून एक हात दिल्यावर थांबावं लागतं, ओलं ठेवावं लागतं, मग दुसरा हात. आमच्या सोप्याचा आणि माजघराचा गिलावा नऊ दिवसांत ‘पूर्ण’ झाला होता आणि आम्ही त्या वेगाचं कौतुक केलं होतं.

तुमच्याकडे असं काम निघालं तर आत काय येतंय यापेक्षाही बाहेर काय जातंय ते बघा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. चोरी तिथे होते. एकही लाकूड हलण्याआधी प्रत्येक तुळई, खांब, चौकट, दारावरची गणेशपट्टी, तक्तपोशीची म्हणजे लाकडी छताची फळी यांवर रंगानं नंबर घाला. लांबी-रुंदी वहीत लिहा, नंबरासकट फोटो काढा. करारात ‘निघालेलं सर्व लाकूड, दगड, लोखंड मालकाचं’ ही ओळ लिहून घ्या, आणि राडारोडा म्हणजे माती, विटांचे तुकडे आणि जुना गिलावा एवढंच, असं स्पष्ट म्हणा. कुजलं आहे म्हणून सांगितलं तर प्रत्येक टोक उघडून दाखवायला लावा, आणि सांगणारा आणि काम घेणारा माणूस एकच असेल तर दुसऱ्या सुताराला बोलावा. त्याची हजार-पाचशे रुपये मजुरी आम्ही वाचवली. नवीन लाकूड पॉलिश होण्याआधी स्वतः बघा, एका टोकाला रंधा मारून घ्या. सागाचा वास लपत नाही.

त्या कार्डावरचा ‘आर्किटेक्ट’ शब्दसुद्धा खोटा निघाला. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याच्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या कुणालाही ही पदवी लावता येत नाही. नोंदणी असलेल्या प्रत्येकाला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा क्रमांक असतो, आधी ‘सीए’ ही अक्षरं, मग वर्ष, मग आकडा, आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मला हे माहीत नव्हतं. विचारायला संकोच वाटला असता, हेही खरं. इतका नम्र माणूस, त्याला कागद कसा मागायचा? तो मागाच. ज्याच्याकडे असतो त्याला राग येत नाही.

पैशांचंही सांगते. आम्ही चौदा लाख देऊन बसलो होतो, त्यातले सहा रोख, पावती नाही. राहिलेले पैसे अडवले तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला. ‘कोटेशनमध्ये लिहिलंय ना ताई, राडारोडा आमचा.’ माझ्या पणजोबांच्याही आधीच्या त्या तुळयांना त्यांनी राडारोडा म्हटलं, तो शब्द अजून माझ्या कानात आहे. नंतर फोन उचलणं बंद झालं.

वकिलांच्या सल्ल्यानं आम्ही सप्टेंबरात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यालाच अर्ज करता येतो. आमच्या रकमेला फी फक्त चारशे रुपये पडली. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं, त्यामुळे लाजेनं दिवस घालवू नका. आम्ही दोन महिने त्यातच घालवले, गावात हसू होईल म्हणून. लाकूड परस्पर विकल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ खाली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक म्हणून, वेगळी फिर्याद द्यायची तयारी चालू आहे.

त्यासाठी वकिलांनी पहिलीच गोष्ट विचारली, तुळया आधी सागाच्या आणि चांगल्या स्थितीत होत्या याला पुरावा काय? आमच्याकडे नंबर नव्हते, मोजमाप नव्हतं, काम सुरू होण्याआधीचा माजघराच्या आढ्याचा एकही फोटो नव्हता. चार दिवस सगळ्यांनी कपाटं उपसली. शेवटी काकूच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली एक कृष्णधवल फोटो सापडला. माझ्याच बारशाचा. आई पाळण्याची दोरी धरून उभी आहे, आणि तिच्या डोक्यावर पूर्ण तुळई दिसते, भिंतीतल्या टोकापासून टोकापर्यंत, मध्ये ती कडी. लाकडाच्या रेषासुद्धा मोजता येतात. तो फोटो आता तक्रारीला जोडला आहे. काकूनं देताना त्याची एक प्रत काढून आणायला सांगितली, आणि मी ती मोठी करून आणली.